‘अ’ संघात नाव आलंय, पण बॉल किती लागणार?

सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका आईवडिलांचा प्रश्न आहे. लेक तेरा वर्षांची, आठवीत, उंची पाच फूट एक इंच. दीड वर्ष घराजवळच्या क्लबात व्हॉलीबॉल खेळते. आता प्रशिक्षकांनी तिला मोठ्या मुलींच्या ‘अ’ संघात घ्यायचं ठरवलंय. म्हणजे फी वाढणार, मे महिन्यात निवासी शिबिर, वर्षभरात बाहेरगावच्या चार-पाच स्पर्धा, ट्रॅकसूट, बूट. सगळं धरून वर्षाला चाळीस हजारांच्या घरात. आई म्हणते खेळू दे. बाबा विचारतात, मुलींच्या व्हॉलीबॉलमध्ये स्पर्धा नेमकी किती, आणि एवढे पैसे घालून हाती काय लागणार? आजीचं म्हणणं, पोरगी उन्हानं पार रापली. त्यात टेक्सासची आत्या सांगते की तिची मुलगी तिकडे क्लबकडून खेळते आणि पुढं त्यावर कॉलेजची स्कॉलरशिप मिळते.

मी सांगलीत पंचवीस वर्षं शाळेत पीटी शिकवलं, आणि अजून रोज संध्याकाळी मुलींचा सराव घेते. आजींच्या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही. माझी आई मी पन्नाशीला येईपर्यंत तेच म्हणत होती. बाकीच्यांचं बोलू.

बाबांचा प्रश्न आधी घेते. मुलींच्या व्हॉलीबॉलमध्ये खाली स्पर्धा फार कमी आहे, आणि मग मध्येच एकदम भिंत लागते. शालेय स्पर्धा 14, 17 आणि 19 वर्षांखालच्या गटांत होतात. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, राष्ट्रीय अशा पायऱ्या. तुम्ही महापालिका हद्दीत, म्हणून तुमच्या शाळेचा संघ महापालिकेच्या स्पर्धेत उतरतो आणि जिंकला की थेट विभागाला जातो. या पहिल्या पायरीवर मुलींचे मोजके संघ येतात. त्यातल्या एक-दोन संघांना तर सर्व्हिस नेटपलीकडे नेणं हीच लढाई असते. मी असे संघ पाहिलेत ज्यांनी चार पोरी धड सर्व्हिस करतात एवढ्या भांडवलावर अंतिम सामना गाठला. त्यामुळे ‘आमची जिल्ह्यात पहिली आली’ हे ऐकून पेढे वाटा, पण त्यावरून हिशेब मांडू नका.

भिंत विभागाला लागते. आपला कोल्हापूर विभाग म्हणजे कोल्हापूर, सांगली, सातारा, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. तिथं पहिल्यांदा समोरची मुलगी उडी मारून हात नेटच्या वर काढताना दिसते, आणि आमच्या पोरी सामना सुरू व्हायच्या आधीच अर्ध्या हरतात. राज्यात असे आठ विभाग. प्रत्येकाचा बारा जणींचा संघ धरला तर राज्यस्पर्धेला शंभराच्या आसपास मुली. त्यातून महाराष्ट्राचा संघ बारांचा. राष्ट्रीय पातळीवर गेलात की महिलांमध्ये वर्षानुवर्षं केरळ आणि रेल्वे यांचंच राज्य. त्याच्याही वर बघायचं तर भारतीय महिला संघ आजवर ऑलिंपिकला पोचलेला नाही. पुरुषांसाठी 2022 पासून प्राइम व्हॉलीबॉल लीग आहे, मुलींसाठी तशी लीग नाही. करिअर हा शब्द कुणी तुमच्यापुढं टाकला तर एवढं लक्षात ठेवा.

लोक मग आपल्या भागातली नावं काढतात. स्मृती मानधना सांगलीची, ललिता बाबर माण तालुक्यातली, अदिती स्वामी साताऱ्याची. अभिमान मलाही आहे. पण क्रिकेटमागं जो पैसा आहे तो व्हॉलीबॉलमागं नाही, आणि धावणं किंवा तिरंदाजी हे एकटीचे खेळ. घड्याळात वेळ आली की आली, बाण लागला की लागला. व्हॉलीबॉलमध्ये तुमच्या लेकीनं कितीही सुंदर स्मॅश मारायचा म्हटलं तरी आधी कुणीतरी सर्व्हिस नीट उचलायला हवी आणि लिफ्टरनं, म्हणजे हल्लीच्या भाषेत सेटरनं, बॉल योग्य जागी ठेवायला हवा. संघ कच्चा असला की गुणी मुलगी कुणाच्या नजरेत भरत नाही. म्हणून ‘माझी मुलगी किती चांगली’ याच्याइतकाच ‘तिच्याबरोबरच्या पाच जणी कोण’ हा प्रश्न महत्त्वाचा.

टेक्सासच्या आत्याबाई चुकीचं सांगत नाहीत, फक्त ते गणित इथं लागू होत नाही. तिकडे शाळेचा हंगाम शरदात असतो, क्लबचा त्यानंतर, आणि कॉलेजचे प्रशिक्षक क्लबच्या स्पर्धांत मुली हेरायला येऊन बसतात. 1972 च्या एका कायद्यानं कॉलेजांना मुलींच्या खेळावरही मुलांच्या बरोबरीनं लक्ष देणं भाग पडलं, त्यातून त्या शिष्यवृत्त्या आल्या. 2023 मध्ये नेब्रास्काच्या मैदानावर मुलींचा व्हॉलीबॉल सामना बघायला 92,003 माणसं आली होती. आपल्याकडे विभागीय अंतिम सामन्याला राखीव खेळाडू, दोन आया आणि चहावाला. अर्थात तिकडेही क्लबवर खर्च केलेल्या सगळ्यांना स्कॉलरशिप मिळत नाही, हे आत्याबाईंना हळूच विचारून बघा.

आता इथं हाती काय लागतं. राज्य मंडळाच्या दहावी-बारावीला क्रीडागुण आहेत, कामगिरीच्या पातळीप्रमाणे, जास्तीत जास्त 25. प्रस्ताव शाळेमार्फत जिल्हा क्रीडा कार्यालयाकडे जातो. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के समांतर आरक्षण आहे, पण ते सगळ्या खेळांना मिळून. त्यातही नुसता भाग घेतल्याचा कागद पुरत नाही. कोणत्या पदाला कोणत्या पातळीवरचं यश लागतं ते ठरलेलं असतं. प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडे होते आणि तिथं भलेभले कागद गळतात. मी एकदा मुलींना घेऊन एका ‘राज्यस्तरीय’ निमंत्रित स्पर्धेला गेले होते. संघ पाच, त्यातले तीन एकाच जिल्ह्यातले. प्रत्येकीला सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र आणि हातभर ट्रॉफी मिळाली. ट्रॉफी अजून शाळेच्या कपाटावर आहे. प्रमाणपत्राचा उपयोग भिंतीला. म्हणून ज्या चार-पाच स्पर्धांचे पैसे तुमच्याकडे मागितलेत, त्या प्रत्येकीचं एकच विचारा: आयोजक कोण आणि गेल्या वर्षी मुलींचे संघ किती होते?

बारावीनंतर शिवाजी विद्यापीठाच्या कॉलेजांत विभागीय, मग आंतरविभागीय, तिथून निवड झाली तर आंतरविद्यापीठ असा रस्ता आहे. माझ्या पाहण्यातल्या मुलींना खेळाचा खरा फायदा बऱ्याचदा वेगळ्याच दारानं झाला. पोलीस भरतीत मुलींना 800 मीटर, 100 मीटर आणि गोळाफेक असते. सहा-सात वर्षं मैदानावर काढलेल्या मुलीला त्या परीक्षेची भीती राहत नाही. अकॅडमीत सहा महिन्यांत दम वाढवायला आलेल्या मुली आणि या मुली, फरक पहिल्या दिवशी कळतो.

हे सगळं सांगितलं तरी चाळीस हजारांचं उत्तर मिळत नाही. कारण प्रमाणपत्र, गुण, नोकरी या गोष्टी तुम्ही क्लबाकडून विकत घेत नाही आहात. क्लबाला पैसे देऊन तुम्ही दोनच गोष्टी घेता: सरावात लेकीच्या हाताला लागणारा बॉल, आणि सामन्यात मैदानावर घालवलेला वेळ. तेरा-चौदाच्या वयात खेळ येतो तो यातूनच. आणि या दोन्ही गोष्टी तुम्हाला, व्हॉलीबॉलमधलं ओ की ठो कळत नसलं तरी, मोजता येतात.

वही घेऊन सरावाला जा. कडेला बसा, प्रशिक्षकांना नमस्कार करा, आणि तुमच्या लेकीला किती वेळा बॉल लागला तेवढ्या रेघा मारा. तंत्र बघू नका, नुसत्या रेघा. वीस मुली एका रांगेत उभ्या, प्रशिक्षक एकेकीला बॉल टाकतायत, आठ सेकंदांना एक फेक, असं धरा. प्रत्येकीची पाळी 160 सेकंदांनी येणार. अर्ध्या तासात अकरा वेळा. उरलेल्या वेळात पोरी गप्पा मारतात, वेण्या सोडून पुन्हा घालतात. आता त्याच वीस मुली दोघी-दोघी समोरासमोर, दहा बॉल, चुकामुकी धरून दर दहा सेकंदांनी एकीला एक पास. अर्ध्या तासात 180. मैदान तेच, फी तीच. सरावाचा साधा चांगला बॉल हजाराच्या आगेमागे येतो, ट्रॅकसूटही तेवढ्यालाच पडतो. बारा ट्रॅकसूट म्हणजे बारा बॉल. माझं चाललं असतं तर निम्म्या क्लबांचे ट्रॅकसूट मी विकले असते.

दुसरी रेघ सामन्याची. ‘अ’ संघात बारा जणी, मैदानावर सहा. नियमानं एका सेटमध्ये सहा बदल करता येतात, पण अटीतटीच्या सामन्यात प्रशिक्षक दोन-तीनच्या पुढं जात नाहीत. तुमची लेक त्यात वयानं सगळ्यात लहान. तर ती खेळणार कधी?

हे मी साधूपणानं सांगत नाही, ही चूक मी स्वतः केलीय. कुपवाडची एक मुलगी होती माझ्याकडे, वडील एमआयडीसीत कामाला. हात मऊ, डोकं शांत, पण बुटकी. मी तिला मोठ्या संघात घेतलं, कारण बाराव्या नंबरला कुणीतरी लागत होतं आणि ती एकही सराव चुकवत नव्हती. त्या वर्षी आम्ही चार स्पर्धांना गेलो. एसटीचं भाडं, राहणं, जेवण, सगळं तिच्या वडिलांनी ओव्हरटाइम करून भरलं. चार स्पर्धांत मिळून ती दोन सेट खेळली, तेही सामना हातातून गेल्यावर. पुढच्या जूनमध्ये ती आली नाही. वडील एकदा बाजारात भेटले. पैशांबद्दल एक शब्द बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, “मॅडम, घरी आली की मी विचारायचो, आज खेळलीस काय? तर म्हणायची, पाणी दिलं.” त्या रात्री मी वही काढली, आणि तेव्हापासून प्रत्येक स्पर्धेत कुठली मुलगी किती सेट खेळली ते लिहिते. वहीत लिहायला लागल्यावर मला कळलं की माझ्या डोक्यात जो आकडा होता, तो प्रत्यक्षात कधीच नव्हता. ‘सगळ्यांना संधी देते’ असं मी मनापासून समजत होते.

तर प्रशिक्षकांना भेटा आणि न रागावता विचारा: ही ‘अ’ संघात आली तर कुठल्या जागेवर खेळेल, आणि गेल्या वर्षी त्या संघातल्या सगळ्यात लहान मुलीला किती सेट मिळाले? चांगला प्रशिक्षक एकतर आकडा सांगेल, नाहीतर डोकं खाजवून ‘बघून सांगतो’ म्हणेल. दोन्ही चालतं. ‘आधी मेहनत तर करू दे’ हे उत्तर मिळालं तर मात्र मी लेकीला ‘ब’ संघातच ठेवीन. तिथं ती कप्तान झाली, सहाच्या सहा जागा फिरून खेळली, सर्व्हिस चुकल्यावर पुढची सर्व्हिस करायची वेळ तिच्यावरच आली, तर ते वर्ष ‘अ’ संघातल्या बाकापेक्षा केव्हाही मोलाचं.

उंचीची काळजी तुम्ही लिहिली नाहीत, पण बाबांच्या मनात ती असणार. महिलांचं नेट 2.24 मीटरवर असतं, म्हणजे सव्वासात फुटांच्या वर. स्मॅश मारायचा तर उंची लागतेच, त्यात लबाडी नाही. पण 1998 पासून लिबेरो नावाची जागा आहे. वेगळ्या रंगाचा शर्ट घालून ती मागच्या फळीत खेळते, सर्व्हिस आणि स्मॅश उचलते, ब्लॉक करत नाही, म्हणजे नेटवर हात धरून समोरचा स्मॅश अडवायला जात नाही. सेटरलाही हात आणि डोकं आधी लागतं, उंची नंतर. आपल्याकडे लांब हातांच्या मुली मिळतात, सर्व्हिस नीट उचलणारी मिळत नाही. विभागाला गेलेले आमचे बहुतेक संघ तिथंच कोसळले. शिवाय तेराव्या वर्षी उंचीचा निकाल लागलेला नसतो. पाळी सुरू झाल्यावर वाढ हळूहळू मंदावते, पण कुणाची लवकर सुरू होते, कुणाची उशिरा. आणि जन्मतारीखही बघा. शालेय गटांची सीमा 1 जानेवारीला असते. नोव्हेंबरमध्ये जन्मलेली मुलगी त्याच वर्षीच्या जानेवारीतल्या मुलीशी जवळपास एका वर्षाच्या फरकानं खेळत असते. निवड चाचणीत ते कुणी धरत नाही.

शरीराचं थोडक्यात. घोट्याचं मुरगळणं या खेळात सगळ्यात जास्त, बहुतेक वेळा नेटखाली दुसरीच्या पायावर उतरल्यामुळं. गुडघ्याचं दुखणं उड्यांमुळं, आणि गुडघ्याच्या लिगामेंटची मोठी इजा मुलांपेक्षा मुलींत जास्त आढळते. म्हणून दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून उतरायला शिकवतात की नाही ते बघा. कोब्यावर रोज उड्या मारून घेणारा क्लब असेल तर मी दोनदा विचार करीन. पाणी मारून रोलर फिरवलेलं मुरमाचं मैदान दिसायला गावठी, पण गुडघ्यांना बरं. आठवड्यातले सरावाचे तास मुलीच्या वयापेक्षा जास्त नकोत हा क्रीडावैद्यकातला ढोबळ नियम मी पाळते, म्हणजे तुमच्या लेकीला तेरा. एक दिवस पूर्ण सुट्टी. शाळेत खो-खो खेळत असेल तर तो सोडायला लावू नका. सांगलीच्या मातीतला खेळ आहे, आणि खो-खो खेळलेल्या मुलीचे पाय बॉलखाली लवकर पोचतात. ती सारखी दमते असं वाटलं तर आळशी म्हणण्याआधी हिमोग्लोबिन तपासा. 12 च्या खाली असेल तर डॉक्टरांकडे जा. सरावाआधी शेंगदाण्याची चिक्की, घरी आल्यावर भाकरी, उसळ, चालत असेल तर अंडी. प्रोटीनचा डबा कुणी विकायला आला तर परत पाठवा.

बाहेरगावच्या स्पर्धांबाबत एक अट मी कुणासाठीही ढिली करत नाही. मुलींच्या संघाबरोबर बाई व्यवस्थापक हवी, नावासकट आधी ठरलेली. राहण्याची जागा, संडास-न्हाणीघर, कपडे बदलायची सोय याची चौकशी आईनं स्वतः फोन करून करावी. ‘काळजी करू नका, पोरींना सवय आहे’ हे उत्तर नव्हे. पाळीच्या दिवसांत मैदानावर स्वच्छतागृह नाही म्हणून सराव सोडलेल्या मुली मी बोटावर मोजू शकत नाही, आणि त्यांच्या घरी मात्र ‘तिला आवड राहिली नाही’ असं सांगितलं जातं.

आता चाळीस हजार. तुमच्या जागी मी असते तर बूट आणि गुडघ्याचे पॅड आधी घेतले असते, त्यात काटकसर नको. निमंत्रित स्पर्धा चार-पाचऐवजी दोन, त्याही आयोजक आणि संघांची संख्या कळल्यावर. घरी स्वतःचा एक बॉल. गच्चीच्या भिंतीवर रोज शंभर पास, शेजाऱ्यांची दुपारची झोप संपल्यावर. एवढ्यात खर्च निम्म्यावर येतो. शिबिराला आधीच होकार नको. तिथं मुली किती, बॉल किती आणि नेट किती, हे तीन आकडे विचारा. साठ मुली, दोन नेट आणि पंधरा बॉल असतील तर ते उन्हाळी सहल समजा. सहलीला तेवढे पैसे द्यायचे का, ते तुम्ही ठरवा.

शिबिराचे पैसे पंधरा दिवसांत भरायचेत असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे सरावाच्या सात-आठ संध्याकाळी हातात आहेत. पहिल्या दिवशी आईनं जावं, दुसऱ्या दिवशी बाबांनी, आणि रेघा वेगवेगळ्या वहीत माराव्यात. लेकीला सांगू नका, नाहीतर ती तुमच्याकडे बघूनच खेळेल.